एकशे चाळीसनंतरची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे बसूनही नाही — त्याला ठाऊकच असणार, म्हणून त्याच्यापुढे तर मी विषयच काढत नाही.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण… हल्ली रोज संध्याकाळी साडेपाचला आठ वर्षांची एक पोरगी माझ्याकडे पाढे शिकायला येते, आणि पाच वाजल्यापासूनच माझी नजर फाटकावर असते. एकतीस वर्षं शाळेत पोरांना घाबरवलं मी, आणि आता एवढ्याशा पोरीला भिते. हसा, खुशाल हसा.

पण असं मधूनच सांगून कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

पंचवटी ओलांडून पुढे गेलं की फुलमळ्यांचा पट्टा लागतो. तिथल्या एका शाळेत मी प्राथमिकला होते. माझं नाव होतं ते पाढ्यांसाठी. सकाळी पहिला तास पाढ्यांचा. अख्खा वर्ग एका सुरात, तीसपर्यंत, वर पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे. रस्त्यापलीकडे मळ्यात फुलं तोडणाऱ्या बाया मला सांगायच्या, "बाई, तुमचा सतराचा झाला का आम्ही च्या प्यायला उठतो." केवढा तोरा होता मला त्याचा! जीभ तिखट, हातात पट्टी. पोरं चळाचळा कापायची आणि पालक म्हणायचे, बाई असावी तर अशी.

आणि मग देवरे सर आले. नामपूरकडचा पंचविशीतला पोरगा, शर्ट कायम खडूने पांढरा. त्याने वर्गातले बाक भिंतीला लावले आणि पोरांना जमिनीवर बसवलं. आइस्क्रीमच्या काड्या, रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे. चिंचोके. मण्यांच्या माळा. पोरं लोळत, भांडत गणितं करायची, आणि हा त्यांच्यात मांडी घालून. त्याचं म्हणणं एकच — पाढा आठवला नाही तरी पोर अडता कामा नये, त्याला वाट माहीत पाहिजे. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, "अहो सर, वाट सापडेपर्यंत पेपरची वेळ संपते." सगळे हसायचे. तोही हसायचा. चिडायचाच नाही हो तो! त्याचाच मला जास्त संताप यायचा.

पालकांत दोन तट पडले. एक बाप म्हणे, नवाचा पाढा विचारला तर पोरगा दहातून काढत बसतो, ही काय पद्धत झाली? दुसऱ्या कुणाची आई म्हणे, काही असो, माझं लेकरू आता शाळेला जाताना रडत नाय. वाद वाढला तसं संस्थेने ठरवलं — पालकसभा घ्यायची, आणि पुढच्या वर्षी अख्ख्या प्राथमिकला गणित कुणाच्या पद्धतीने शिकवायचं ते तिथेच ठरवायचं.

माझी झोप उडाली. का उडाली? पोरांचं नुकसान होईल म्हणून? तेव्हा मी तसंच म्हणायचे. खरं हे, की मला दुसरं काही येतच नव्हतं. पाढे काढून घेतले तर मी कोण? चिंचोके मोजायला बसू? त्या पोरट्याकडून शिकू?

आता कावेरी. तिच्याशिवाय हे सांगता येत नाही, आणि तिच्यापाशी आलं की माझी जीभ अडते.

कावेरीच्या घरचा शेवंतीचा मळा होता. दुसरीला ती माझ्या वर्गात होती, तेव्हा बाराच्या पुढे तिची गाडी सरकत नसे. मी तिला उभी करायचे. ती तोंडातून शब्द न काढता तास संपेपर्यंत उभी राहायची. तीच पोरगी चौथीत देवरे सरांकडे गेली आणि एके दिवशी व्हरांड्यात माझ्यामागे धावत आली. "बाई, बाई, मला नव्व्याण्णवचा पाढा येतो! विचारा ना!" मी विचारलं, कसा गं? तर म्हणाली, सोप्पंय बाई, शंभराचा म्हणायचा आणि जितके वेळा घेतले तितके काढून टाकायचे. डोळे असे चमकत होते तिचे. मी काय म्हणाले असेन? "आधी तेराचा म्हण," म्हणाले, आणि चालू लागले.

हे मुद्दाम सांगितलं. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही असं समजायला नको की मला तिची रीत ठाऊक नव्हती. मला ती पक्की ठाऊक होती.

सभेला हॉल गच्च भरला होता. संस्थेची माणसं पुढे, पालक मागे, खिडक्यांतूनही डोकी. देवरे सर म्हणाले, माझ्या वर्गातलं कुठलंही मूल उभं करा, काहीही विचारा. कुणीतरी म्हणालं, तुम्हीच करा उभं, आणि बाई विचारतील. त्यांनी कावेरीला बोलावलं. शिष्यवृत्तीच्या वर्गासाठीही त्यांनी तिचंच नाव दिलं होतं. तो वर्ग मी घ्यायचे.

मी विचारलं, "एकोणीस साते किती?"

माझ्या वर्गातल्या पोराने श्वास घ्यायच्या आत उत्तर फेकलं असतं. कावेरीने फळ्याकडे पाहिलं, खडू घेतला, आणि सावकाश लिहिलं — १४०.

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. कावेरीला त्याचं काही नव्हतं. तिने खडू जरा उजवीकडे नेला आणि एक लहानशी आडवी रेघ ओढली. वजाबाकीची.

मी फळ्याला लागून उभी होते. ती रेघ माझ्या पाठीआड होती, हॉलमधल्या कुणालाच दिसली नाही. मला दिसली. वीस साते एकशे चाळीस, त्यातून सात गेले — आणखी एक आकडा लिहिला असता पोरीने, आणि माझा इतक्या वर्षांचा तोरा तिथेच उतरला असता.

"चूक!" मी म्हणाले. आणि डस्टर उचलून फळा पुसला.

देवरे सर खालून म्हणाले, "मॅडम, तिला पुरं करू द्या." मी म्हणाले, "एकोणीस साते किती, एवढंच विचारलंय सर. कहाणी नाही सांगायला लावली." हॉल खदाखदा हसला. कावेरीचा खडू धरलेला हात तसाच वर होता. ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता हो तिच्या नजरेत, तो असता तर बरं झालं असतं. ती विचारात पडली होती. आपलं कुठे चुकलं, ते शोधत होती. नऊ वर्षांच्या पोरीला बाई चूक म्हणाल्या म्हणजे ते चूकच, नाही का?

पुढचं सगळं भराभर झालं. काड्या-चिंचोके पेटीत गेले, वर्ष संपताच देवरे सर दुसऱ्या शाळेत गेले. जाताना मला नमस्कार करून गेले, मेल्याने तेवढंही सोडलं नाही. कावेरीला पोरांनी नाव पाडलं — एकशेचाळीस. मैदानात, रस्त्यात, नळावर. "ए एकशेचाळीस, चेंडू टाक!" तिचा बाप शाळेत आला, टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, तिचं नाव शिशवृत्तीतून काढा. तिला नाय झेपायचं ते गणित. उगा हसं होतंय." मी नाव काढलं. त्याला एका शब्दाने थांबवलं नाही. पेनाने सरळ रेघ मारली, पट्टी लावून.

दहावीला ती गणितातच गेली. पुन्हा बसली नाही. लग्न झालं, आता गंगेवर, गोदेच्या घाटावर, फुलांची टोपली घेऊन बसते. मी देवाची फुलं लांबच्या दुकानातून आणते. का, असं घरात कुणी विचारलं की सांगते, तिथली ताजी असतात.

आणि एवढं करून मी गप्प बसले का? छे! हा किस्सा मी किती वर्षं सांगत होते, माहितीये? प्रशिक्षणात, लग्नाच्या पंगतीत. नव्या पद्धती म्हणजे काय, तर एकोणीस साते एकशे चाळीस! लोक हसायचे. मीही हसायचे. रेघेचं सोडून सगळं सांगायचे.

गेल्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. एकाने माइक घेतला आणि तोच किस्सा काढला. कावेरी तिसऱ्या रांगेत होती. सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले, आणि ती — ओढणी तोंडाला लावून तीसुद्धा हसली. माइक माझ्या हातात आला. आता सांग, आता तरी सांग, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. मी म्हणाले, "सगळे असेच सुखात राहा." आणि खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्या पाया पडली. सोबत मुलगी, ईश्वरी. म्हणाली, "बाई, हिला तुमच्याकडं पाठवू का? शाळेत परत ते काड्या-मण्यांचं आलंय. घरी बी आपलं जोडत बसती, काढत बसती. मला भ्या वाटतं. माझ्यासारखं हिचं नको व्हायला."

मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मी म्हणाले, "पाठव."

तेव्हापासून ती येते. पहिल्या दिवशी तिला अठरा पाचे विचारलं, तर म्हणाली, "वीस पाचे शंभर, त्यातून…" मी म्हणाले, "तसं नाही. पाठ म्हण." आपोआप निघालं तोंडातून. ती पाठ म्हणायला लागली. हुशार आहे. पटापट उचलते.

परवा एकोणिसाचा होता. कावेरी तिला न्यायला लवकर आली होती, दारातच उभी राहिली. ईश्वरीने डोळे मिटले, पुढेमागे डोलत म्हणायला लागली. एकोणीस पाचे. एकोणीस सक. एकोणीस साते एकशे तेहतीस — धाडकन म्हणून पुढे गेली पोरगी, अडखळली नाही, काही काढलं नाही, काही जोडलं नाही.

कावेरीचे डोळे भरून आले. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बघा बाई. माझ्यावर नाय गेली."

मी म्हणाले, "नाही गेली."