रेग्युलेटरला लावलेलं कुंकू

कढईतल्या तेलाने पेट घेतला तेव्हा जाऊ पाण्याच्या बादलीकडे धावली. तिने बादली उचलली तशी मी तिला खांद्याने ढकललं. ती केळ्याच्या सालींच्या ढिगावर जाऊन बसली आणि पाणी जमिनीवर सांडलं. पेटत्या तेलात ते पाणी पडलं असतं तर तेल उसळून आम्हा तिघींच्या अंगावर आलं असतं.

माझी सून कढईसमोर झारा धरून खांबासारखी उभी होती. "बाहेर जा, सिलेंडर बंद कर," मी ओरडले. ती हलली. मी कढईचं लोखंडी झाकण उचललं, तोंडापुढे धरलं आणि बाजूने कढईवर सरकवलं. तोवर तिने बाहेरची चावी फिरवली होती. खालची भट्टी विझली. झाकणाच्या कडेने थोडा वेळ धूर येत राहिला, मग तोही थांबला.

"उघडून बघू का?" जाऊने सालींवरूनच विचारलं.

"तोंड नकोसं झालं असेल तर उघड."

आगाशीला आमच्या घरामागे वाडीत पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही केळ्याचे वेफर्स तळतो. केळी वाडीतलीच. मी सोलते, जाऊ किसणीवर काप पाडते, सून तळते. विरारच्या इमारतींतून मागणी आहे आणि ती सुनेने मिळवलेली आहे. ती साताऱ्याकडची. तिला केळ्यातलं काही कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक कसं बोलतं ते कळतं. लग्नाआधी ती दुकानात कामाला होती. लग्नानंतर घरात बसून कंटाळली आणि हे काम तिने स्वतः उभं केलं. शेड तिचीच आहे असं मी धरून चालते. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिच्या हाताखाली.

आधी एकच शेगडी होती. काम वाढलं तेव्हा तिने दोन मोठ्या भट्ट्या घेतल्या. शेडबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात मोठे सिलेंडर आले, आणि पिंजऱ्यावर, भिंतीला, घड्याळासारखा काटा असलेलं नवं रेग्युलेटर. ते बसवायला जवळच्या गास गावातून फिटर आला. जाडा माणूस, मिशीवाला, चहा दोनदा घेणारा. त्याने दोन्ही भट्ट्या लावून, बंद करून, पुन्हा लावून पाहिल्या. जाताना म्हणाला, "सगळं बरोबर लावलंय. आता ह्याला कोनी हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळद-कुंकू घेऊन पिंजऱ्यापाशी गेले. नवी वस्तू घरात आली की तिला कुंकू लावायचं, हे मला कोणी शिकवावं लागलेलं नाही. आमच्याकडे पाण्याच्या पंपाला लावतात, कोयत्याला लावतात, स्कूटरला लावतात.

सून मागून म्हणाली, "आई, फिटरने हात लावू नका सांगितलंय."

"हात कुठे लावतेय, कुंकू लावतेय."

आता रेग्युलेटरला कपाळ कुठे असतं ते मला काय माहीत? त्याचा तोंडवळा गोल. वरच्या अंगाला एक बारीक भोक होतं, बोटाचं टोक बसेल असं. मला वाटलं हेच. ओली हळद, त्यावर ओलं कुंकू, वर तांदळाचा दाणा. बोट दाबून लावलं, म्हणजे सुकल्यावर पडायला नको. आणि मी एकदाच लावून थांबले नाही. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी लावत गेले. आठवडाभर.

त्या सकाळी दोन्ही भट्ट्या चालू होत्या. एकीवर सून तळत होती, दुसरीवर जाऊ भांडी धुवायला पाणी तापवत होती. पाणी तापलं तशी जाऊने तिची भट्टी बंद केली. त्याबरोबर सुनेच्या भट्टीची आग फणा काढल्यासारखी वर आली, कढईच्या कडेवरून आत वळली आणि तेल पेटलं. बाकीचं सांगितलंच.

तेल थंड होईतो आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. सुनेने हातातला झारा खाली ठेवला. ती म्हणाली, "बंद करूया आई. मी परत दुकानात जाते. कोणाचं काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

जाऊ म्हणाली, "मला झालंच आहे काहीतरी. कंबर बघ माझी. तुझ्या सासूने ढकललं."

सून हसली नाही. मला तिचा राग आला नाही, पण शेड बंद होणं मला पटत नव्हतं. मी फिटरला बोलावून घ्यायला सांगितलं.

तो आला, पिंजऱ्यापाशी वाकला आणि त्याने रेग्युलेटरवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे कोनी लावलं?"

सुनेने माझं नाव घेतलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

"मी लावलं," मी म्हणाले. "रोज लावते. कपाळाला."

"मावशी, हे कपाळ नाय, नाक आहे." त्याने खिळ्याने खरवडलं तशी लाल-पिवळी पुटं निघाली, मध्ये तांदूळ. "ह्याच्या पोटात पडदा असतो. गॅस जास्त झाला की तो पडदा वर येतो आणि गॅस अडवतो. वर यायचं तर वरची हवा ह्या भोकातून बाहेर गेली पायजे. तुम्ही नाकच बुजवलंत. पडदा वर येईना. एक भट्टी बंद केलीत, तिचा सगळा जोर दुसरीवर गेला."

"मग साफ कर आणि लाव."

"नाय. आत काय गेलंय ते मला दिसत नाय. नवीन लावनार."

त्याने जुनं काढलं. नवं लावताना मी शेजारी स्टूल टाकून बसले. चौथीपर्यंत शिकले आहे, पण डोळे आहेत. त्याने आधी अंगावरचा बाण बघितला, गॅस सिलेंडरकडून भट्टीकडे जातो तसाच हवा. भोक ह्या वेळी खाली तोंड करून ठेवलं, पाऊस आत जायला नको आणि माझं बोटही. गॅसचा जोर वाढवणारा रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला आणि मगच सिलेंडरची चावी उघडली, हळूहळू, स्वतः बाजूला उभं राहून. सांध्यांना साबणाचा फेस लावला. जाऊने विचारलं, "काडी लावून बघत नाहीस? आमच्याकडे आलेला एक जण बघायचा." फिटर म्हणाला, "तो आता कुठे असतो?" जाऊला ते माहीत नव्हतं.

फेसाला बुडबुडा आला नाही. मग तो म्हणाला, "आता भट्टी कोन लावनार?"

सून ओट्यावरून उठली नाही. मी म्हणाले, "चूक माझी, आणि भिऊन बसलीस तू. असं उलटं कसं चालेल? मी लावते." तशी ती उठली. "तुम्ही नका लावू आई, तुम्ही परत कुठेतरी कुंकू लावाल."

तिने लायटर घेतला. फिटरने स्क्रू थोडा थोडा आवळत नेला, आग निळी आणि स्थिर झाली तिथे थांबला. मग त्याने दोन्ही भट्ट्या लावून तिला एक बंद करायला सांगितली. तिचा हात चावीवर अडला. जाऊ दाराबाहेर जाऊन उभी राहिली. सुनेने चावी फिरवली. दुसरीची आग होती तेवढीच राहिली. तिने पुन्हा लावली, पुन्हा बंद केली, चार वेळा. मग फिटरने दोन्ही बंद करून काटा बघितला. काटा जागचा हलला नाही, म्हणजे आत गॅसचा जोर चढत नव्हता. सून म्हणाली, "उद्या दोन घड केळी काढायला हवीत."

त्या सकाळी शेडमध्ये मी होते, जाऊ होती, सून होती. तिघीही जिवंत आहोत.