ऐकणारा साडू

माणसाने एकट्याने बसून काही शिकू नये, असा नियम जगात फक्त माझ्या साडूने पाळला आणि त्याची शिक्षा मी भोगली. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. अंबरनाथच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. ते खातं बंद होणार असं कळलं, तेव्हा याची चाळिशी उलटलेली आणि पोरगी दहावीत. कुणीतरी सांगितलं, पैसे पाठवायची ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत नोकऱ्या आहेत, पण प्रोग्रॅमिंग पक्कं पाहिजे. झालं, हा कामाला लागला. आणि मीही, कारण याच्या डोक्यात गोष्ट शिरायची तर आधी ती दुसऱ्याला मोठ्याने समजावून सांगावी लागते.

बरं, दुसरा कोण, तर मी. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त होऊन बदलापूर गावात गप पडून होतो. हा खरवईहून स्कूटर हाणत यायचा, "जयभीम दादा, जरा बसा," म्हणायचा आणि पायथन सुरू. पायथन जरा कुठे माझ्या ओळखीचं होतंय, तोवर याला कळायचं की बँकांच्या कामाला जावा ही दुसरीच भाषा लागते. मग जावा. मग कुणी म्हणालं, डेटाबेस आला नाही तर दारात उभं करत नाहीत. पुतणीच्या लग्नात, विहारात, वंदना संपून लोक जेवायला उठले तर याने मला खांबाशी अडवलं आणि पत्रावळीवर दोन बँका मांडल्या. एकीत भात, दुसरीत बुंदी. "दादा, इथून पैसे निघाले आणि मध्येच नेट गेलं, तर?" मी म्हटलं, तर मी उपाशी मरेन. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये पडद्याचं कापड घ्यायला गेलो, तिथे पेमेंट अडकलं. हा सिंधी दुकानदाराला समजावायला लागला. तो बिचारा म्हणाला, "साईं, कपडा ले जाओ, पैसा बाद में देना, पर अभी छोड़ो."

शेवटी एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत ठरली. मी सुटलो म्हणून खूश, तर हा सकाळीच गाडी घेऊन दारात, आणि मला खरवईला स्वतःच्या घरी घेऊन गेला. "दादा, समोर नुसते बसा. काही बोलू नका. तुम्ही नसलात तर मला सुचत नाही." मेहुणी दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती की नाही म्हणवेना. बसलो, लॅपटॉपच्या मागे, चहाचा कप घेऊन.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, कोड लिहिताना विचार मोठ्याने बोला. मग काय, स्वारी रंगात आली. "हे बघा दादा, इथे आधी तपासायचं." बाई थांबल्या. खोलीत कोण आहे, विचारलं. हा गडी खोटं बोलेल तर शपथ. "मॅडम, माझे साडू आहेत. त्यांना यातलं काही येत नाही."

बाईंचा आवाज थंड झाला. कॅमेरा फिरवा म्हणाल्या. मेहुणीने तोंडाला पदर लावला. गेली नोकरी, मला कळलं. "काका, तुम्ही सांगताय का त्यांना?" बाईंनी विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी काय सांगणार? हाच माझं डोकं खातो. पैसे इथून गेले आणि तिथे पोचले नाहीत, तर ते परत आलेच पाहिजेत. बटण दोनदा दाबलं तरी एकदाच कापले पाहिजेत. मी चित्रकलेचा मास्तर, बाई. मला हे कशाला पाहिजे? याला एकदाचं घ्या आणि मला सोडवा."

बाई हसल्या. मला बाहेर जायला सांगून त्यांनी त्याची मुलाखत पुन्हा पहिल्यापासून घेतली. आठवड्याने फोन आला, घेतलं म्हणून.

आता ते पुण्याला असतात. नवी पोरं त्याच्या हाताखाली दिलीत म्हणे, तो त्यांना समजावतो. रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. परवा मीच म्हटलं, नवीन काय शिकतोयस, सांग तरी.

"जाऊ द्या दादा," म्हणाला, "तुम्हाला फार त्रास दिला मी. आता नाही देणार."

शहाणा झाला मेला. मला फार वाईट वाटलं.