अण्णांचं भाषण आणि माझी सही

पोरींनो, गावात राहिलेल्या आणि गाव सोडलेल्या, सगळ्यांनी ऐका. हे मला आत्ताच सांगायचंय, उद्या बसमध्ये बसले की हिंमत जाईल.

चार वर्षांपूर्वी मालेगावच्या स्टँडवर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला नाशिकच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून बॅग आत ढकलत म्हणाले, "कोणापुढे मान खाली घालू नको. माणूस आहेस तू." अण्णा शाळामास्तर. जयंतीच्या भाषणात दरवर्षी एकच विषय, माणसाचे हक्क. आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाहीत, तिथून सुरुवात, आणि शेवटी सगळा मांडव टाळ्या वाजवतोय.

म्हणून इथे गंगापूर रोडला, लॉच्या वर्गात मॅडमनी स्त्रियांचे हक्क काढले की माझा हात वर. बाई माणूसच ना, मग वेगळे हक्क कशाला? रूममेट म्हणायची, लागली अण्णांची कॅसेट.

आणि परवा अण्णांचा फोन. दादाला घर बांधायचंय, आजोबांची जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर हवी. सोमवारी ये, हक्कसोडपत्रावर सही कर. आत्यानेही केली होती. वहिनीने तुला साडी आणलीये, मोरपिशी.

मी विचारलं, अण्णा, माझ्या हक्काचं काय?

"अगं, ही घरातली गोष्ट. यात हक्क कुठून आले?"

डोकंच फिरलं यार. विहीर गावातली, म्हणून तिथे हक्क. जमीन घरातली, म्हणून इथे फक्त माया. माणसाचे हक्क चपलांसारखे दारातच काढून ठेवले, आणि आई तर अख्खं आयुष्य दाराच्या आतच राहिली! मॅडम हेच सांगत होत्या की, आणि मी वाद घालत होते.

दादा वाईट नाही हो. पहिल्या वर्षी बाईकवर डबा घेऊन आलेला.

मग आईने फोन घेतला. तिनेही मामाला सही दिलेली. हळूच म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाय गं. तू ये. सही कर नायतर नको करू, पण तुझ्या तोंडाने सांग. तुझी गादी उन्हात टाकलीये."

उद्या सकाळी इथल्या द्वारका चौकातून बस. सही करणार नाही, साडी घेणार नाही, जेवणार मात्र घरीच. 'नाही' म्हटल्यावरही जिथे आपलं ताट वाढतात ते घर, असं मला आता वाटतंय. वाढतील ना?

तुमच्यापैकी कुणी असं 'नाही' म्हटलंय का? त्यानंतर माहेरी गेलात, तेव्हा दार कोणी उघडलं?