माझ्या नावाचं गाऱ्हाणं

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. पुष्कळ लोक आपला अनुभव सांगताना पहिल्या वाक्यापासून हात जोडून बसतात. मला ते जमायचं नाही. माझं पहिलं मूल घरीच गेलं. सुईणीनं शिकस्त केली, पण बाळ आडवं होतं आणि बाहेर आलं ते रडलंच नाही. देवीची इच्छा, असं म्हणून सगळे मोकळे झाले. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी रोज आमच्या गावदेवी सातेरीपुढे उभी राहून मनातल्या मनात भांडायची. तुझी इच्छा असेल ती मला सांग, शेजारणींकडून निरोप पाठवू नकोस, असं तिला बजावायची.

आमचं घर तारकर्लीच्या बाजूला, माडांच्या सावलीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या होडीचे तांडेल. दर्यावर त्यांचा शब्द चालायचा तसाच घरातही चालायचा. नवरा मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता, त्यामुळे तो कुठल्या देशात आहे हे पत्र आल्यावरच कळायचं. ही पन्नास सालानंतरची, साठच्या आधीची गोष्ट. कळा सुरू झाल्या त्या थांबेनात आणि बाळ काही सरकेना. शेवटी सासूबाईंनी हट्ट धरून मला बैलगाडीत घातलं आणि मालवणच्या इस्पितळात आणलं. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टर घाटावरचे होते, हाताला चांगले. मला तपासून ते पडद्याबाहेर गेले आणि मामंजींशी बोलू लागले. पोट माझं आणि बोलणी पडद्यापलीकडे चाललेली. मूल याही वेळी आडवं आहे, पोट उघडून काढावं लागेल, नवरा इथे नाही तर सासऱ्यांनी सही करावी, एवढं मला तुटक तुटक ऐकू आलं. मामंजी म्हणाले, "देवीक इचारल्याशिवाय मी सही करूचंय नाय." आणि ते गावाकडे निघालेसुद्धा.

आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवीचा कौल घेतात. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, घरच्या वडीलधाऱ्याच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे मागणं मांडतो, आणि मग सगळे श्वास रोखून कळ्यांकडे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल मी मानत होते आणि आजही मानते. म्हणून तर कळा सोसत मी वाट बघत पडले.

उन्हं कलली तेव्हा मामंजी परत आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डावी पडली. देवीन नाय म्हटल्यान. सुरी लावूची नाय." सासूबाई पदरानं डोळे पुसू लागल्या. डॉक्टर काहीतरी समजावत राहिले, पण मामंजी ढिम्म हलले नाहीत. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. रोज भांडत होते ना देवीशी, तिनं हे उत्तर दिलं, असं वाटलं. त्या क्षणी माझा विश्वास संपला होता, खोटं कशाला बोलू.

तेव्हा पाठीवर एक हात आला. पलीकडच्या खाटेवरच्या आपल्या सुनेजवळ एक वयस्क बाई सकाळपासून बसून होती. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, कमरेला पानाची चंची. बोलण्यावरून बांद्याकडची वाटली. ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "तुका कोणी इचारल्यान काय गो? तुझ्या मनात काय आसा?"

मी म्हटलं, "कोणी नाय."

"मगे तू सांग. देवीन तोंड दिल्यान मा तुका?"

एवढंच बोलली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन पान लावत बसली. पण माझ्या अंगात काय संचारलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सकाळपासून डॉक्टरांनी सांगितलं, मामंजींनी सांगितलं, गुरवानं सांगितलं. विचारलं ते फक्त या परक्या बाईनं. मी कोपरावर उठून बसले आणि मामंजींना हाक मारली. सून सासऱ्याला हाक मारते म्हटल्यावर आजूबाजूच्या खाटांवरच्या सगळ्या बायका वळून बघू लागल्या.

"मामंजी, गाऱ्हाण्यात माझा नाव घेतलात काय?"

ते गोंधळले. म्हणाले, "तुझा कित्याक? घराच्या नावान घातलंय. माझ्या घरावर सुरी चलूंदे काय, असा इचारलंय."

मला त्या कळांतही हसू आलं. घरावर सुरी चालवू का, असं विचारल्यावर कुठली आई हो म्हणेल? म्हटलं, "सुरी घरावर चलणा नाय, माझ्या पोटावर चलतली. माझ्या पोटाचा देवीक कोणी इचारूक नाय. ह्यो कौल माझो न्हय."

मग मी डॉक्टरांना बोलावलं. चौथीपर्यंतची शाळा झाली होती, त्या पुस्तकी मराठीत म्हटलं, "काय करणार ते मला सांगा." आतापर्यंत उभ्यानं बोलणारे डॉक्टर माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसले. कुठे कापणार, गुंगी कशी देणार, रक्त किती जाऊ शकतं, सगळं सांगितलं. मी मरेन का, असं विचारलं तर मरूही शकतेस म्हणाले. नाही कापलं तर मूल नक्की जाईल, बहुतेक तूही जाशील. पुढच्या खेपेला पुन्हा पोट उघडावं लागेल कदाचित, हेही लपवलं नाही.

"मग कागद द्या, मी सही करते."

ते अडखळले. "नवऱ्याची किंवा वडीलधाऱ्या पुरुषाची घेतो आम्ही."

"तसा कायदा आहे?"

त्यांनी कागद उलटून पाहिला. म्हणाले, "असा कायदा मी तरी वाचलेला नाही. रीत आहे."

"रीत तुमची आहे, तर तुम्हीच मोडा."

मामंजी दारातून म्हणाले, "सही केलंस तर माझ्या घराक पाय लावू नको." मी घर आठवलं, माड आठवले, दूर समुद्रावरचा नवरा आठवला. आणि माझं संपूर्ण नाव लिहिलं. अक्षर कळांमुळे वेडंवाकडं आलं, पण ते माझं होतं.

नाकावर गुंगीचं फडकं ठेवलं तेव्हा मनातलं भांडण आपोआप थांबलं. मी सातेरीला म्हटलं, आई, माझ्या हातातलं मी केलं, आता तू आणि हे डॉक्टर बघा. इतकी निर्धास्त मी आयुष्यात कधी झोपले नव्हते.

मुलगी झाली, आमच्या बोलीत चेडू. रडत आली, चांगल्या खणखणीत आवाजात. शुद्धीवर आल्यावर मी त्या बाईला शोधलं, पण पलीकडची खाट रिकामी होती. सुनेला घेऊन गेली असेल. लोक मला विचारतात, ती देवीच होती का? मी म्हणते, देवीनं पाठवलेलं माणूस आपल्या पायांनीच चालत येतं. मला तिचे पाय धरता आले नाहीत, ही हुरहुर मात्र राहिली.

माहेरी राहून अंगात ताकद आल्यावर मुलीला घेऊन मी थेट देवळात गेले. आमची सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, आणि वारूळ म्हणजे भुईचं उघडं पोट. तिला माझ्या टाक्यांची काय भीती वाटणार होती? ओटी पुढे ठेवून गुरवाला म्हटलं, गाऱ्हाणं माझ्या नावानं घाला. तो तिथे आधीच आलेल्या मामंजींकडे बघायला लागला. इस्पितळातल्या त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. खांबाला टेकून उभे होते. नजर नातीवर होती. ती न हटवताच म्हणाले, "घाल रे. तिच्याच नावान घाल."

गुरवानं माझं नाव घेतलं, माझ्या मुलीला पदरात घे म्हणाला, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मामंजींचा आवाज त्यात होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. पण गप्प बसले तेव्हा मी देवीला नव्हे, माणसांना शरण गेले होते. आपलं तोंड उघडून, आपला हात चालवून, मग उरलेलं तिच्या ओटीत टाकायचं असतं, हे मला त्या खाटेवर कळलं.

गाऱ्हाणं संपल्यावर गुरवानं सवयीनं कळ्या ओल्या केल्या आणि विचारलं, "कौल लावू? काय इचारूचा?"

मी म्हटलं, "इचारूचा काय नाय. तिका चेडू दाखवूक इलंय."