कुणी न ओळखलेली खिरापत

घाटात रेल्वेचे बोगदे फोडायला निजामाच्या मुलखातून तेलुगू पाथरवट आले, त्यांतला एक माझा बाप. काम संपलं तसे बाकीचे परतले, आम्ही कर्जतलाच राहिलो. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मराठी, अशी मी वाढले. मनानं मात्र पुरती इथलीच झाले होते हो!

नवरात्रात आळीतल्या पोरी भोंडला खेळायच्या. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. ती झाकून आणायची, बाकीच्यांनी ओळखायची. कुणालाच ओळखता आली नाही तर आणणारीचा काय तोरा! मलाही तो हवा होता. आईमागं भुणभुण लावली, तेव्हा तिनं हौसेनं तिच्या माहेरचा पदार्थ केला, काळे तीळ भाजून गुळात कुटलेले. तिकडे या दिवसांत देवीला हाच नैवेद्य.

पोरी लाडू म्हणाल्या, वडी म्हणाल्या, सगळ्या चुकल्या. मी ऐटीत फडकं सोडलं. ओटीवर बसून बघणारी एक म्हातारी ओरडली, "अगं बया, काळं तीळ! आत्ता तर पितरं जेवून गेली, नि हिच्या आयशीनं परत बोलावली!" पोरी खिदळल्या. एकीनंही बोट लावलं नाही.

घरी आई वाट बघत होती. "ओळखलं का कुणी?"

"नाही," मी म्हटलं. खोटं थोडंच होतं? आई अशी हरखली की विचारू नका. मग दर वर्षी ती तीळ कुटायला बसायची. मी ते वाडगं घेऊन निघायची आणि आधी नदीवर जाऊन पाण्यात ओतायची. स्वतः खाऊन टाकावं तर घास गिळवत नसे. पोरींना सांगायची, आई आजारी आहे, खिरापत जमली नाही. चांगल्या धडधाकट बाईला दर वर्षी आजारी पाडलं मी! मन खायचं, पण फेर सोडवत नव्हता.

माझं लग्न ठरलं, त्या वर्षीचा भोंडला शेवटचा. नेहमीसारखं न बघताच फडकं सोडून वाडगं नदीत उलटं केलं, आणि पाण्यावर पांढरं काहीतरी पसरलं. पोहे! गूळपोहे, वर खोवलेलं खोबरं. आळीतल्या कुठल्याही पोरीनं नुसत्या वासावर ओळखले असते. मी लुगड्यासकट पाण्यात शिरले. ओंजळीत चार दाणे आले, बाकीचे वाहून गेले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या दिवशी मी भोंडल्याला गेलेच नाही, लुगडं अंगावर वाळेपर्यंत नदीकाठीच बसले.

दारात आई उभी होती. माझ्याशी कधी मराठी न बोलणारी बाई, अडखळत म्हणाली, "शेजारीण म्हनली, काळं तीळ हितं पितरास्नी. मग तिलाच इचारून हे केलं. अवंदा वळखलं ना गं?"

"वळखलं, आई. समद्यांनी. पयल्याच झटक्याला."

ती तोंडाला पदर लावून हसली. मग हळूच म्हणाली, "नि तुला उरलं का गं थोडं?"