मामांचे दोन माग आणि माझी कानांची तपासणी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर थोरली तक्रार करत होती. सुट्टीत गोदामात काम मिळालं, पण पहिला आख्खा दिवस एका खोलीत बसवून ठेवलं. शिडी कशी धरायची, खोकं कसं उचलायचं, कानांवर काय लावायचं. "आजी, एक बाई वीस मिनिटं नुसतं गुडघ्यात वाकून दाखवत होती. असली नोकरी करतं तरी कोण?"

मी करत होते. सोळा वर्षं केली. तुमची आई फक्त "आजी कारखान्यात होती" एवढंच सांगते, त्यामुळे धाकट्याला वाटतं मी टॉवेल विणत होते. तेव्हा त्या वाकणाऱ्या बाईंची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून आज, नाश्ता आटोपून, टेबल पुसून, लिहायला बसले आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना होता. मला तिथे घेतलं ते परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायला, कारण माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. एकदा एका गिऱ्हाइकाकडून अठरा पानी प्रश्नावली आली: कामगारांची सुरक्षितता कोण पाहतं, आगीची घंटा आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे. मालकांनी ती दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"बाई, हे इंग्रजीत आहे."

"हो."

"म्हणजे तुमचंच."

अशा रीतीने मी सुरक्षा अधिकारी झाले. रीतसर अभ्यासक्रम मागाहून केला आणि परीक्षा दिली. पहिल्याच दिवशी मी प्रथमोपचाराची पेटी शोधली. ती होती, पण तिला कुलूप होतं. किल्ली मालकांच्या खिशात होती आणि मालक सासुरवाडीला, बार्शीला गेले होते. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं. आठवडाभरात पेटीतल्या सगळ्या चिकटपट्ट्या संपल्या. एकाही माणसाला जखम झाली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते लूम खात्याबद्दल. चाळीस माग एकदम चालू असले की तो आवाज कानांत नाही, छातीत शिरतो. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मालकांनी मला काहीतरी सांगितलं, मी काहीतरी उत्तर दिलं आणि बाहेर आल्यावर कळलं की दोघांनाही एकमेकांचं काही समजलेलं नाही. विणकरांचं मात्र मोठं मजेत चाललेलं. एकाने मागाहून सांगितलं, या कोपऱ्यातला त्या कोपऱ्यातल्याला विचारतोय, भाजी काय आणली. तो सांगतोय, शेंगाचटणी. ओरडणं नाही, काही नाही. मी थक्क झाले. म्हटलं, काय तिखट कान आहेत या लोकांचे!

सगळ्यांत अनुभवी होते ते मामा. सगळं खातं त्यांना मामाच म्हणे. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, कपाळावर बारीक गंध, आणि दाराशेजारचे दोन माग त्यांचे. त्या दोन मागांवरचा टॉवेल तपासणीत कधी नाकारला गेला नाही. मामा त्या मागांबद्दल घरातल्या थोर मंडळींबद्दल बोलावं तसं बोलत.

कानांत घालायचे फोमचे बोळे मी मोठ्या उत्साहाने मागवले. पहिला डबा चार दिवसांत संपला आणि एकाच्याही कानात काही दिसेना. चौकशी केली. एकाने ते सायकलच्या हँडलमध्ये खुपसले होते. दुसऱ्याची बायको त्यात सुया टोचून ठेवत होती.

"बाई, रागावू नका," मामा म्हणाले. "माग बोलतोय की आमच्याशी. धागा तुटायच्या आदी त्याचा आवाज बदलतोय. कानात बोळा घातला तर ऐकायचं कसं?"

मी प्रश्नावली पुन्हा चाळली. अठरा पानांत तो प्रश्नच नव्हता.

पुढच्या प्रश्नावलीत कानांची तपासणी आली. आमच्याकडे दर गुरुवारी एक म्हातारे डॉक्टर येत. ते म्हणाले, यंत्र कशाला हवं, लांब उभं राहून कुजबुजायचं, समोरच्याने तेच बोलून दाखवायचं. माझे उच्चार स्वच्छ म्हणून कुजबुजायचं काम माझ्याकडे आलं. मी अंगणाच्या एका टोकाला, कामगार दुसऱ्या टोकाला, डॉक्टर माझ्या शेजारी खुर्चीत. "सत्तावीस." "सत्तावीस." "त्रेसष्ट." "त्रेसष्ट." एकजात सगळे पैकीच्या पैकी! मामांची पाळी आली तेव्हा तर कमालच झाली. मी डॉक्टरांकडे झुकून हळूच म्हटलं, "यांचं ब्लडप्रेशर वाढलंय, लोणचं बंद करायला सांगा." अंगणापलीकडून मामा गरजले, "लोणचं न्हाय सोडनार!"

मी मामांच्या नावापुढे "उत्तम" लिहिलं आणि खाली माझी सही केली. फाइल गेली. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, मी तर फारच खूश.

मग टाळेबंदी आली, कारखाना बंद राहिला आणि उघडला तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क. पहिल्या सकाळी मी फाटकाशी उभी राहून सूचना दिल्या: उजव्या दाराने आत जा, हात धुवा, एकेकाने जा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि झुंडीने डाव्या दाराने आत गेले. मला वाटलं, मुद्दाम करतात. पुढचे चार दिवस तसेच. मी काही सांगितलं की नुसते डोळे मोठे करून बघायचे. एकमेकांशी बोलायचं असलं की मास्क खाली, हनुवटीवर. मी ओरडून ओरडून दमले की हनुवटीला कोरोना होत नाही.

पाचव्या दिवशी मी मामांना दाराबाहेर गाठलं.

"मामा, मी रोज एवढं सांगते, तुम्ही निदान ऐकाल असं वाटलं होतं."

मामांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं. "बाई, ते फडकं काडा की. काय बोलताय कायबी कळंना."

मी मास्क खाली घेतला. "फडकं माझ्या तोंडावर आहे, मामा. तुमचे कान तर उघडेच आहेत."

"त्येच की," मामा म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आवाजाने भरलेल्या त्या खात्यात इतकी वर्षं कोणी काही ऐकतच नव्हतं. सगळे एकमेकांचे ओठ वाचत होते. आणि मी अंगणात त्यांच्यासमोर उभी राहून, तोंड स्वच्छ हलवत, कानांची परीक्षा घेतली होती! सगळ्या खात्याला मी उत्तरं दाखवून पास केलं होतं.

"मामा, तुम्हाला ऐकू किती येतं?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाई, तुमी एकदा 'उत्तम' लिवलंय नव्हं? मग ऱ्हाऊ द्या की."

ते असं का म्हणत होते ते मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाच्या नव्या नियमात यंत्रावरचा अहवाल हवा होता आणि मालकांनी आधीच जाहीर केलं होतं, ज्याचा अहवाल खराब त्याला लूम खात्यातून काढून, टॉवेलांच्या घड्या घालायला, घडी खात्यात. घडी खात्यात सगळ्या बायका. त्यांनी ही बातमी ऐकली होती आणि मामा अंगणातून गेले की एकजण हटकून म्हणायची, "या की मामा, तुमच्यासाठी पाट मांडून ठेवलाय!" मामा ऐकू आलं नाही असं दाखवत. तेवढ्यापुरतं ते खरंही असेल.

तरी मी त्यांना सात रस्त्याजवळच्या कानाच्या दवाखान्यात नेलंच. मामीही आल्या. मी मामींना विचारलं, तुम्हाला घरात कधी जाणवलं नाही का? मामी म्हणाल्या, "आमचा टीव्ही एवढा मोठा असतोय, शेजारीण तिचा लावतच न्हाय. लाइट बिल वाचतंय म्हनती."

मामांना काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर यंत्रावर एक मुलगी बसली होती. मामांनी धडाधड बटण दाबायला सुरुवात केली. मुलगी आश्चर्याने माझ्याकडे बघू लागली. मी मामांकडे पाहिलं. मामा तिच्या बोटाकडे बघत होते.

"यांची खुर्ची फिरवा," मी म्हटलं. "भिंतीकडे तोंड करा."

मामांनी माझ्याकडे जो दृष्टिक्षेप टाकला तो मी इथे लिहू शकत नाही. खुर्ची फिरली आणि मग बटण फार वेळ दाबलं गेलंच नाही. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा अर्धा. डॉक्टरांनी मास्क काढून, दूर सरकून, मामांना सांगितलं, आहे तेवढं जपा. त्या आवाजात उघड्या कानांनी एक दिवसही उभं राहू नका.

परत आल्यावर कारखान्याच्या फाटकाशी गाडीतून उतरताना मामा म्हणाले, "बाई, माझ्या हाताला दुसरं काय येत न्हाय."

मामांना मागांवर ठेवायची काही वाट सापडते का ते बघायला मी मालकांकडे आठ दिवस मागितले. फाइलीतली माझी चूक मी दुरुस्त करणार, पण आठ दिवसांनी. मालकांनी दिले. त्या आठ दिवसांत मी लूम खात्यात स्टूल टाकून बसले, कानांत बोळे घालून, मामांनाही घालायला लावून, आणि फक्त मामांना पाहिलं. ते एका मागाकडे तोंड करून उभे असत आणि पाठीमागचा माग बिघडायच्या बेतात आला की आधीच वळत. ऐकू तर येत नव्हतं. मग? तिसऱ्या दिवशी माझं लक्ष खाली गेलं. मामा अनवाणी.

सुरक्षेच्या बुटांवरून आमचं दोन वर्षं भांडण चालू होतं. सगळे विणकर चपला दाराबाहेर काढत, खंडेनवमीला ज्याची पूजा करायची त्याच्यासमोर चप्पल कशी घालायची म्हणून. मी बूट वाटले, दंडाची भीती घातली. मामा बूट घालून आत येत आणि मागापाशी काढून ठेवत.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना बाहेर गाठून, मास्क खाली घेऊन मी विचारलं, "मामा, तुम्हाला कळतं कसं?"

"पायाला कळतंय की," ते म्हणाले, जणू मी भात कशाने खातात असं विचारलं होतं. "जिमिनीतनं येतंय. बुटात पाय आंधळा होतोय."

आठव्या दिवशी मी मालकांना खात्यात बोलावलं. मामांच्या दोन्ही कानांत मी स्वतः बोळे बसवले आणि त्यांना मागांकडे पाठ करून उभं केलं. सगळे विणकर बघत होते. मालकही विणकराचाच मुलगा, त्यांना यात मजा वाटू लागली. चाळीस माग धडधडत असताना ते चोरपावलांनी गेले आणि मामांच्या दुसऱ्या मागाची दांडी ओढली.

मामा वळले नाहीत. पाठमोरेच गरजले, "दोन नंबरचा का थांबिवला, मालक? टॉवेल परदेशी जायचाय!"

मालक इतके हसले की त्यांचा मास्क घसरला. हसणं ओसरल्यावर मामांनी कानातला एक बोळा काढला, सगळ्या खात्याकडे वळले, आणि मास्क खाली घेऊन, ओठ नीट हलवत, खच्चून म्हणाले, "आता कोन म्हनतोय, बोळा घातला तर माग कळत न्हाय? मला धा वर्सं झाली ऐकू येत न्हाय. माझा एक तरी टॉवेल परत आलाय व्हय?" आणि बोळा परत आत घातला.

दोन वर्षं मी डबेच्या डबे वाटून जे झालं नव्हतं ते त्या दुपारी झालं. तरण्या विणकरांनी बोळे मागून घेतले. अर्थात एकाने एकाच कानात घातला. दुसरा म्हणे मोबाइलसाठी.

मालकांनी मामांचे माग मामांकडेच ठेवले. माझ्या दोन अटी होत्या. मामांनी बोळे एक क्षणही काढायचे नाहीत, आणि आगीच्या घंटेबरोबर प्रत्येक खांबावर लाल दिवा लागला पाहिजे, कारण घंटा मामांना ऐकू येणार नव्हती. खरं तर इतर कितीतरी जणांनाही आली नसती, हे पुढच्या तपासण्यांत कळलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो माझा "उत्तम" एक वर्षभर फाइलीत बसून होता, आणि तेवढं वर्ष ते सगळे उघड्या कानांनी उभे होते.

गिऱ्हाइकाला मी कळवलं की आधीची तपासणी चुकीची होती. मालक चुळबुळत म्हणाले, "बाई, सगळं खरं लिहायलाच पाहिजे का?"

"इंग्रजीत लिहिते. तुम्हाला वाचावं लागणार नाही."

बुटांचं काय? नोंदवहीत मी लिहिलं: "बूट दिले. अंगणात घालतात. मागापाशी काढतात." खोटी नोंद मी पुन्हा करणार नव्हते. तपासायला आलेल्या साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, मामांच्या पायांकडे पाहिलं आणि पान उलटलं.

मला निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. खंडेनवमीला मी कारखान्यात जाते. बोळे पहिल्या पाळीत सगळे घालतात, दुसऱ्या पाळीत निम्मे. खांबांवरचे लाल दिवे चालू आहेत. मामा अजून त्याच दोन मागांवर उभे असतात आणि त्यांना डाव्या कानाने अजून थोडं ऐकू येतं.