जाळ्याच्या दोरीतली गाठ

सावली गावच्या तलावाकाठी मासे धरणाऱ्या त्या ढिवराचं नाव मी कधी विचारलं नाही. फौजेतली एक जुनी फटफटी माझ्याकडे दोन वर्षं पडून होती. मला ती सुरू करता येईना, म्हणून त्याला देऊन टाकली. तो अंगणात बसून एकेक भाग काढी, घासूनपुसून जाळ्याच्या दोरीत क्रमाने गाठीगाठीने बांधी. जोडताना उलट्या टोकाकडून सोडत जायचं, म्हणजे चूक होत नाही. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मी रोज बघायला जायचो आणि जळायचो.

एकदा तो पाणी प्यायला आत गेला, तेव्हा मी कार्बुरेटरचा नखाएवढा पितळी जेट, ज्याच्या छिद्रातून इंजिनाला पेट्रोल मिळतं तो, दोरीतून सोडवून खिशात घातला. गाठ परत मारून ठेवली.

जोडताना त्या रिकाम्या गाठीवर त्याचा अंगठा थांबला.

"भाऊ, हे गाठ माही नाई. ढिवराची गाठ एका झटक्यात सुटते. हे काऊन सुटून नाई राह्यली?"

"मले का मालूम?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "जेट सापडला तं आणून देजा."

मी दिला नाही. फटफटी सुरू झालीच नाही, आणि मला बरं वाटलं, हेही आज सांगतो.

ती दोरी पुढे बरेच दिवस त्याच्या भिंतीवर लटकत होती. बाकीच्या सगळ्या गाठी त्याने सोडल्या होत्या. माझी तेवढी ठेवली होती.